टिचकी मारण्याआधी

अगं, काल रात्री तुझा फोटो आला तेव्हा माझे हात पिठात होते, म्हणून लगेच काही लिहिलं नाही. नंतर मोठा करून पाहिला. पितळेची पिझो चकती, तिच्यावर पांढरट गोल, त्यातून निघालेल्या लाल-काळ्या दोन तारा आणि त्या थेट आर्डुइनो उनोच्या ए-झिरो आणि ग्राउंडमध्ये खोचलेल्या. खाली तुझं एकच वाक्य: 'ताई, चालतंय!' चालतंय गं, नाही कोण म्हणतंय? पण बयो, ती लाल तार आधी उपस आणि मग पुढचं वाच.

रागावले नाहीये मी. घरघंटीतलं धान्य संपलं की घरात पिपाणी वाजली पाहिजे, ही तुझी कल्पना ऐकून मला आईच आठवली. गहू ओतायचे, बटण दाबायचं आणि 'तेवढ्यात कपडे वाळत घालून येते' म्हणत परसात जायचं. तिकडे शेजारच्या काकू भेटल्या की घरघंटी बिचारी रिकामी घरघरत बसते. धान्य असताना तिचा आवाज दबका, तोंडात घास असल्यासारखा; संपलं की मोकळा, खणखणीत. हा फरक आईला मागच्या दारातून कळतो, तर तुझ्या चकतीला का कळू नये? कळेल. फक्त तिला नीट ओळखून घे. तू तिला सेन्सर समजून जोडलंस, आणि गडबड तिथेच आहे. सेन्सर ती नंतर. आधी ती एक छोटंसं जनित्र आहे.

कॉलेजात तू तापमानाचा सेन्सर जोडला होतास, आठवतंय? तीन पायांचा. एका पायाला ५ व्होल्ट, एक ग्राउंडला, मधल्यातून उत्तर. तो बोर्डाचंच खातो, त्यामुळे बोर्डाने दिलं त्याहून जास्त परत करूच शकत नाही. या चकतीला दोनच तारा. तिला कोणी वीज पुरवत नाही. मग स्क्रीनवर आकडे नाचले ते कुणाच्या जिवावर? तुझ्या बोटाच्या. म्हणजे ती जास्तीत जास्त किती व्होल्ट देणार हे बोर्ड ठरवत नाही, तुझा हात ठरवतो. हलकी टिचकी मारलीस तर व्होल्ट-दोन व्होल्ट. पेनाच्या मागच्या टोकाने ठोकलंस तर दहा-वीस. हातातून पक्कड निसटून तिच्यावर पडली तर त्याहून कितीतरी जास्त.

खरं वाटत नसेल तर स्वयंपाकघरात जा आणि गॅसचा लायटर घे, तो बिनबॅटरीचा, 'कट्' वाजणारा. आत स्प्रिंगवरची एक छोटी हातोडी याच जातीच्या सिरॅमिकच्या तुकड्यावर आपटते आणि टोकाला ठिणगी उडते. हवेत एक मिलिमीटरची ठिणगी पडायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात. तुझी पातळ चकती लायटरइतकी तापट नाही, पण भावकी तीच.

आणि या भावकीचा शोधही भावाभावांनीच लावला. १८८० साली पॅरिसमध्ये झाक आणि पिएर क्युरी यांनी क्वार्ट्झ, टुर्मलीन, अगदी उसाच्या साखरेचे स्फटिकसुद्धा दाबून पाहिले आणि दाबल्यावर त्यांच्या अंगावर विद्युतभार उमटतो हे दाखवलं. झाक थोरला, पिएर धाकटा. पुढे नाव झालं ते धाकट्याचं. थोरल्या भावंडांच्या नशिबी हे असतंच! उलटंही घडणार, म्हणजे वीज दिली की स्फटिक आकार बदलणार, हे १८८१ मध्ये गाब्रिएल लिपमन यांनी गणिताने सांगितलं आणि क्युरी बंधूंनी ते लगेच तपासून खरं ठरवलं. म्हणून तुझी चकती पिपाणीसारखी वाजतेही आणि कानासारखी ऐकतेही. तिच्यावरचा पांढरा थर म्हणजे शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांचं सिरॅमिक. त्याला सगळे 'पीझेडटी' म्हणतात.

आता पलीकडची बाजू बघ, जिथे ती लाल तार गेली होती. उनोवरच्या एटमेगा३२८पी चिपच्या कागदपत्रात स्वच्छ लिहिलंय: रीसेट सोडून कुठल्याही पिनवर शून्याच्या खाली अर्धा व्होल्ट आणि पुरवठ्याच्या वर अर्धा व्होल्ट, एवढीच सहनशक्ती. म्हणजे बोर्ड ५ व्होल्टवर चालू असताना उणे ०.५ पासून ५.५ पर्यंत. इथे दोन गोष्टी नजरेतून सुटतात. एक, चकती दाबली जाते तेव्हा एका दिशेने व्होल्ट देते आणि परत फिरताना उलट्या दिशेने. प्रत्येक ठोक्याला शून्याच्या खालची एक लाट असतेच. दुसरी गोष्ट, मर्यादा 'पुरवठ्याच्या वर अर्धा व्होल्ट' अशी आहे. यूएसबी काढलीस की पुरवठा शून्य, मग मर्यादा उरली फक्त अर्धा व्होल्ट. बोर्ड बंद करून पिशवीत टाकलंस आणि चकती डब्यावर आपटत कॉलेजपर्यंत गेली, तर सगळे ठोके त्या झोपलेल्या पिनवरच बसणार.

माझं कसं झालं ते सांगते. तू तेव्हा आठवीत होतीस. पथकातल्या मैत्रिणीला घरी सरावासाठी मुका ढोल हवा होता: रबराच्या तुकड्यावर टिपरू मारायचं आणि आवाज हेडफोनमधून. मी ही चकती रबराखाली चिकटवली आणि तारा थेट पिनमध्ये खोचल्या, अगदी तुझ्यासारख्या. चार दिवस झकास चाललं. पाचव्या दिवशी हात न लावता ढोल वाजायला लागला. ए-झिरोवर शांततेतही भलतेच आकडे. रात्री दोनपर्यंत मी प्रोग्राम धुंडाळत बसले, ओळ न् ओळ पुन्हा लिहिली. पहाटे सहज तार ए-झिरोतून काढून ए-वनमध्ये घातली, तर सगळं पूर्ववत. पिन मेली नव्हती, पाझरायला लागली होती. पुरती मेलेली पिन परवडली गं, निदान कळतं तरी. अर्धवट जळालेली पिन खोटं बोलते, आणि दोष आपण स्वतःच्या प्रोग्रामला देत बसतो.

तुला घाबरवायचं नाही, म्हणून दुसरी बाजूही सांगते. या चकतीत व्होल्ट भरपूर असले तरी भार इवलासा असतो. तिचा झटका तुला फारतर चिमटा काढेल. चिपच्या आतही प्रत्येक पिनला बारीकसे रक्षक डायोड असतात. दहातले नऊ ठोके तेच झेलतात. आर्डुइनोच्या स्वतःच्या टकटक ओळखणाऱ्या धड्यातसुद्धा चकतीला एक मेगाओमचा एकच रेझिस्टर लावलेला आहे, आणि दारावरच्या टकटकीपुरतं ते निभावतं. पण निभावतंय म्हणून सुरक्षित आहे, असं नव्हे. ते आतले डायोड हाताळताना चुकून बसणाऱ्या झटक्यांसाठी आहेत, रोजच्या मारासाठी नाहीत. आणि घरघंटी रोज चालणार.

मग करायचं काय? तीनच वस्तू, आणि तिन्हींचं काम वेगळं. आपल्या गच्चीवरच्या टाकीसारखं समज.

पहिली, एक मेगाओमचा रेझिस्टर, चकतीच्या दोन्ही तारांच्या मध्ये आडवा. हे टाकीच्या तळाचं बारीक भोक. साचलेला भार हळूहळू निघून जातो, पिन अधांतरी लोंबकळत नाही आणि शांततेत आकडा शांत राहतो.

दुसरी, दहा किलोओमचा रेझिस्टर, लाल तार आणि पिन यांच्या वाटेत. हा नळाचा अरुंद गळा. समज, चकतीने ५० व्होल्टची उसळी मारली. डायोडने पिन साडेपाचच्या आत धरून ठेवली, तर उरलेले पंचेचाळीसेक व्होल्ट या रेझिस्टरवर पडतात आणि त्यातून जेमतेम साडेचार मिलिअँपिअर वाहतात, तेही क्षणभर. तेवढं डायोडला सहज झेपतं.

तिसरी वस्तू, दोन शॉट्की डायोड, पिनच्या अगदी जवळ. हा ओव्हरफ्लोचा पाइप. एकाची पट्टी ५ व्होल्टकडे आणि दुसरं टोक पिनकडे. दुसऱ्याची पट्टी पिनकडे आणि दुसरं टोक ग्राउंडकडे. पिन ५ च्या वर जाऊ लागली की पहिला वाट देतो, शून्याच्या खाली जाऊ लागली की दुसरा. साधा सिलिकॉन डायोड ०.६-०.७ व्होल्टला उघडतो, म्हणजे अर्ध्या व्होल्टची हद्द ओलांडून गेल्यावर. शॉट्की ०.३-०.४ लाच उघडतो, म्हणून तोच. ब्रेडबोर्डवर बसणारा बीएटी८५ घे. एकाच इवल्या डबीत दोन्ही डायोड हवे असतील तर बीएटी५४एस असतो, पण तो पृष्ठभागावर सोल्डर करायचा, तांदळाच्या दाण्याहून लहान. आत्ता त्याच्या वाटेला जाऊ नकोस.

'शॉट्कीच ना, मग घरात १एन५८१९ पडलाय तो लावते' असं म्हणशील, म्हणून आधीच सांगते. तो मोठ्या प्रवाहाचा गडी, आणि बंद असतानाही थोडा पाझरतो. मायक्रोअँपिअरभर पाझर एरवी कुणी मोजत नाही. पण तुझ्याकडे वाट एक मेगाओमची आहे: एक मायक्रोअँपिअर गुणिले एक मेगाओम म्हणजे सरळ एक व्होल्ट! चकती झोपलेली आणि स्क्रीनवर दोनशे. बीएटी८५ही किंचित पाझरतो, त्यामुळे शांततेतला आकडा थोडा वर दिसला तर घाबरू नकोस. तो मोजून ठेव आणि प्रोग्राममध्ये वजा कर.

शॉट्की नाहीच मिळाले तर ५.१ व्होल्टचा एक झेनर पिन आणि ग्राउंडच्या मध्ये चालेल, पट्टीचं टोक पिनकडे. वरची बाजू तो चांगली राखतो. खालच्या बाजूला मात्र उणे ०.७ पर्यंत जाऊ देतो, तेव्हा दहा किलोओम अजिबात विसरायचा नाही. आणि पुड्या नीट बघ. काचेचा झेनर आणि काचेचा १एन४१४८ बाहेरून जुळ्या बहिणी. अक्षरं भिंगातून वाचावी लागतात. झेनर उलटा लागला तर काही जळत नाही, पण आकडा कितीही ठोकलंस तरी १४०-१५० च्या वर जात नाही, कारण ०.७ व्होल्टलाच तो सगळं पिऊन टाकतो. हा आकडा लक्षात ठेव. माझी एक अख्खी दुपार त्याने खाल्ली होती. रेझिस्टरचंही तसंच. तपकिरी-काळा-हिरवा म्हणजे एक मेगाओम, तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे दहा किलो. संध्याकाळच्या पिवळ्या दिव्यात हे रंग फसवतात. मल्टिमीटरने मोजूनच लाव.

तू हुशार आहेस, म्हणून एक प्रश्न तुझ्या डोक्यात येणारच: चिपचं कागदपत्र सांगतं की अ‍ॅनालॉग पिनला जोडलेल्या स्रोताचा रोध दहा किलोओमच्या आत असावा, मग एक मेगाओम कसा चालतो? तो वाटेत नाही, बाजूला आहे. आणि तुझ्या २७ मिलिमीटरच्या चकतीला स्वतःचीच २० नॅनोफॅरडच्या आसपास धारिता असते. वाचताना चिप आतला १४ पिकोफॅरडचा कपॅसिटर भरून घेते. हंड्यातून चमचाभर पाणी घेतल्यासारखं. चकतीला पत्ताही लागत नाही. वाटेत आहेत ते दहा किलोच, आणि ते हद्दीत बसतात. 'जास्त सुरक्षित' म्हणून तिथे एक मेगाओम लावू नकोस, मग मात्र आकडे बावचळतील.

तसंच तो आडवा मेगाओम उगाच कमी करायचा नाही. रेझिस्टर आणि चकतीची धारिता मिळून कुठल्या वेगाच्या खालची थरथर गाळायची ते ठरवतात. एक मेगाओम आणि २० नॅनोफॅरड म्हणजे साधारण ८ हर्ट्झ. घरघंटीची मोटर चार पोलची असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर मिनिटाला दीड हजाराच्या किंचित खाली फिरते, म्हणजे सेकंदाला चोवीसेक फेरे. ८ च्या चाळणीतून २४ आरामात येतात. शंभर किलोओम लावलास तर चाळणी ८० हर्ट्झची होते आणि तुला हवी ती थरथर तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी उरते. मग तू म्हणणार, सेन्सरच खराब.

याच कारणाने काकांचं ते 'भूकंपाचा अलार्म करून दे' मनावर घेऊ नकोस. आपल्या पाटण-कराडकडे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप घराघरांत सांगितला जातो, त्यामुळे त्यांचं म्हणणं समजतं मला. पण जमिनीची हालचाल बरीचशी संथ असते, आणि ही चकती संथ गोष्टींना बहिरी. टिचकी ऐकेल, ठोका ऐकेल, मोटर ऐकेल. नुसता दाब देऊन धरून ठेवलास तर क्षणभर बोलेल आणि गप्प बसेल. जे तिच्याकडून होत नाही त्याचं वचन कुणाला देऊ नकोस, निदान जिवाशी संबंधित गोष्टीत तरी.

तुझ्या कामात आणखी एक सुधारणा हवी. दाराची टकटक ऐकायची असती तर लाटेचा अर्धाच भाग पुरला असता. तुला थरथरीचं मोजमाप हवंय, मग खालची अर्धी लाट फेकून कशी चालेल? दहा-दहा किलोओमचे दोन रेझिस्टर ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या मध्ये एकापुढे एक लाव. त्यांच्या मधल्या सांध्यावर अडीच व्होल्ट मिळतील. त्या सांध्यापासून ग्राउंडला एक १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दे, उण्याची बाजू ग्राउंडकडे. आता चकतीची काळी तार ग्राउंडऐवजी या सांध्याला जोड. शांततेत आकडा ५१२ च्या आसपास बसेल आणि थरथर त्याच्या वरखाली दिसेल. डायोड आहेत तिथेच राहू देत.

वायफायसाठी पुढे ईएसपी३२ घेणार म्हणालीस. मांडणी हीच, पण तिथला पुरवठा ३.३ व्होल्ट. वरचा डायोड ३.३ ला जोडायचा. सवयीने ५ ला जोडलास तर तो असून नसल्यासारखा, कारण त्या चिपच्या पिना ५ व्होल्ट सहन करणाऱ्या नाहीत. ३.३ चा झेनर तर टाळच. कमी व्होल्टचे झेनर वेळेआधीच गळायला लागतात आणि खरा सिग्नलच खातात.

खरेदीचं दोन वाक्यांत. पुण्यात आलीस तर तपकीर गल्लीत घेऊन जाईन, पण तिथेही 'व्हायब्रेशन सेन्सर द्या' म्हणालीस तर एसडब्ल्यू-४२० चं निळं मॉड्यूल हातात पडेल, आणि तो निव्वळ स्विच असतो: हललं की नाही तेवढंच सांगतो, किती ते नाही. 'पिझो डिस्क, तारा लावलेली' असं माग. आत स्वतःचं सर्किट असलेला काळ्या डबीतला बझर नको.

तारा लावलेलीच घे, कारण त्या लावणं नाजूक काम आहे. तरी तुटलीच तार, तर पितळेची बाजू सोपी, पण पांढऱ्या थरावरच्या चांदीला सोल्डरिंगचं टोक एक-दोन सेकंदांच्या वर टेकवू नकोस. तापमान एका हद्दीपलीकडे गेलं की या सिरॅमिकचा गुणच जातो. त्या हद्दीला 'क्युरी तापमान' म्हणतात, त्याच धाकट्या पिएरच्या नावाने. पीझेडटीच्या जातीप्रमाणे ते २०० ते ३५० अंशांच्या मधे असतं, आणि तुझं सोल्डरिंग त्याच्या वरच तापलेलं असतं. आणखी एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं: तापल्याने आणि निवल्यानेही हा थर भार तयार करतो. म्हणून सोल्डर झाल्यावर चकती गार होऊ दे, दोन्ही तारांची टोकं एकमेकींना टेकव, आणि मगच ती सर्किटजवळ ने.

आता घरघंटी. तुझ्या चिपपेक्षा मला तुझी काळजी जास्त आहे, तेव्हा हे नीट ऐक. घरघंटी उघडायची नाही. आत २३० व्होल्ट आहेत, आणि तुला हवी ती थरथर बाहेरच्या पत्र्यावरही मिळते. चकती पत्र्याला सरळ चिकटवू नकोस. मध्ये जाड, दोन्हीकडून चिकटणारी टेप हवी, कुठूनही पितळ पत्र्याला टेकता कामा नये. कधी अर्थिंग बिघडलं आणि पत्र्यात करंट उतरला, तर तो चकतीतून बोर्डात, बोर्डातून लॅपटॉपमध्ये आणि तिथून तुझ्या बोटांत येईल. पहिल्या चाचण्या पॉवर बँकेवर कर. अर्थिंगवर शंका असेल तर आधी वायरमन, मग प्रोजेक्ट.

तारा एकमेकींभोवती पिळून आखूड ठेव, आणि सांध्याजवळ टेपने दाबून टाक, नाहीतर थरथरीनेच त्या तुटतील. लांब तार घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण ओढून घेते आणि ती हुबेहूब थरथरीसारखी दिसते. ओळखायची युक्ती सोपी: घरघंटी चालू ठेव आणि चकती सोडवून हवेत धर. आकडे तसेच नाचत राहिले तर तू मोटर नाही, वायरिंग मोजते आहेस.

प्रोग्रामचं फार सांगत नाही, तो तुझा हातखंडा. एवढंच, की तुझ्या त्या शंभर मिलिसेकंदांच्या थांब्यात मोटरचे दोन फेरे निघून जातात. एक वाचन घ्यायला उनोला एक दशांश मिलिसेकंदाच्या जरासं वर लागतं. तेव्हा दोनशे मिलिसेकंद सलग वाचत राहा, त्यातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा ठेव आणि दोघांतला फरक छाप. प्रत्येक वाचन छापत बसू नकोस. ९६०० च्या वेगाने सेकंदाला ९६० अक्षरंच जातात, बाकी वेळ वाट बघण्यात जातो. धान्य असताना फरक किती आणि रिकामी असताना किती, ते पाच-सहा दळणांचं वहीत लिहून काढ. गहू, ज्वारी, बेसनाची डाळ, सगळ्यांचं वेगळं. सीमारेषा त्या वहीवरून ठरव, नेटवरच्या आकड्यावरून नाही. आणि रिकामा आवाज सलग काही सेकंद टिकला तरच पिपाणी वाजव, नाहीतर आईने नुसतं झाकण आपटलं तरी घर दणाणेल.

हे सगळं ब्रेडबोर्डवर जमलं की थांबू नकोस. ब्रेडबोर्डातला डायोडचा पाय थरथरीने सैल झाला तर आकडे येतच राहतात. संरक्षण गेलं, हे कुठेच दिसत नाही. म्हणून रेझिस्टर आणि डायोड झिरो पीसीबीच्या तुकड्यावर सोल्डर करून टाक आणि मगच घरघंटीवर चढव.

जोडायचा क्रमही लिहून देते, हवा तर भिंतीला चिकटव. आधी ग्राउंड. मग अडीच व्होल्टचा तो सांधा. मग दोन्ही डायोड. मग दहा किलो, मग मेगाओम. मग बोर्डला वीज देऊन, चकतीशिवायच, पिनवर मल्टिमीटरने अडीचच्या आसपास व्होल्ट दिसतात का बघ. मेगाओममुळे मीटर किंचित कमी दाखवेल, ते चालेल. शून्य किंवा पूर्ण ५ दिसले तर कुठेतरी पाय चुकलाय. सगळं बरोबर असेल तर वीज काढ, चकतीच्या तारा एकमेकींना टेकव, जोड, आणि वीज परत दे. काढतानाही हाच नियम, फक्त उलटा: पहिल्यांदा चकती निघाली पाहिजे. बोर्ड पिशवीत जाताना चकती त्याला जोडलेली नको.

ए-झिरो आत्तापर्यंत किती ठोके खाऊन बसली आहे कोण जाणे, तेव्हा नवं सर्किट ए-वनवर लाव. रविवारी आई दळण काढेल त्याआधी मला व्हिडिओ कॉल कर. डायोडच्या पट्ट्या कुठल्या बाजूला आहेत ते मला बघू दे, आणि मग पहिली टिचकी तूच मार.